शेजारच्या दोन ढोल-ताशा पथकांनी एकत्र यावं का? ठरवायची पद्धत, पायरीपायरीने

एकाच उपनगरातली, एकाच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची किंवा नदीपात्रात शेजारी-शेजारी सराव करणारी दोन पथकं एकत्र यावीत का, हा प्रश्न पुण्यात दर हंगामात कुठे ना कुठे निघतो. तो बहुतेकदा चुकीच्या वेळी निघतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे भारावलेले असतात आणि कोणीतरी म्हणतं, “पुढच्या वर्षी एकत्रच उतरू.” किंवा वाद्यपूजन होऊन हंगामाचा सराव सुरू होतो, सरावाला निम्मीच माणसं दिसतात आणि घाबरून शेजाऱ्यांना फोन जातो. या दोन्ही क्षणी घेतलेला निर्णय अनंत चतुर्दशीपर्यंत टिकणं अवघड असतं.

माझं मत आधीच मांडते. बहुतेक शेजारी पथकांनी विलीन होऊ नये. जागा, टेम्पो, गोदाम, गरज पडली तर ताशेवालेसुद्धा वाटून घ्यावेत. नाव, ध्वज आणि हिशेब मात्र वेगळे ठेवावेत आणि ही वाटणी कागदावर आणावी. विलीन व्हायचं ते दोनच गोष्टी जुळल्या तर: एका पथकाला स्वतःच्या ताशांवर उभं राहणं खरोखर अशक्य झालं असेल आणि दोघांचे ठेके एका लयीत बसत असतील. हे जुळतं की नाही, ते तपासायची पद्धत पुढे देते आहे.

पहिली पायरी: वेळ ठरवा

चर्चा कोजागिरीनंतर सुरू करा आणि गुढीपाडव्याच्या आत संपवा. या काळात वाद्यं गोदामात असतात, सुपाऱ्या (ठरलेली वादनं) नसतात, डोकी शांत असतात. शिवाय दोन्ही पथकं नोंदणीकृत असतील तर कायदेशीर प्रक्रियेलाच काही महिने लागतात. दिवाळीनंतर हात घातला तरच आषाढातल्या वाद्यपूजनापर्यंत चित्र स्पष्ट होतं.

दोन्हीकडून तीन-तीन माणसं बसवा. त्यात एक ताशा वाजवणारी व्यक्ती, एक पैसे सांभाळणारी आणि एक अशी, जी पथकात आहे पण कुठल्याच पदावर नाही. अध्यक्षांनी पहिल्या दोन बैठकांना येऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. अध्यक्ष आले की बोलणं वाद्यांवरून मानापमानावर जायला वेळ लागत नाही.

दुसरी पायरी: खरं कारण शोधा

“आपण एकत्र येऊ या” या वाक्यामागे वेगवेगळ्या अडचणी असतात आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा असतो. सरावाला जागा नाही? मग जागा वाटून घ्या, त्यासाठी पथक मोडायची गरज नाही. दोघं एकमेकांच्या सुपाऱ्या पाडतात आणि मानधन खाली येतं? मग मंडळांशी बोलण्याआधी एकमेकांशी बोलायचा करार करा. वादक कमी झाले? मग ते का गेले ते आधी विचारा. नोकरी, परीक्षा, स्थलांतर यामुळे गेले असतील तर शेजारच्या पथकातलेही त्याच कारणांनी जाणार आहेत. दोन आटत चाललेली पथकं एकत्र केली तर एक मोठं पथक आटायला लागतं, एवढंच होतं. आणि नेतृत्वाच्या भांडणामुळे गेले असतील तर ते भांडण नव्या पथकातही सोबत येतं.

एक कारण मात्र गंभीर आहे: ताशा. ढोल शिकायला येणारा मुलगा किंवा मुलगी एका हंगामात रांगेत उभी राहू शकते. ताशाचा हात बसायला वर्षं जातात. ठेका बदलायचा इशारा, लय चढवणं, लय धरून ठेवणं, चुकलेल्या रांगेला परत जागेवर आणणं, हे सगळं ताशावर असतं. ऐंशी ढोल आणि तयारीचा एकच ताशा अशी पथकाची अवस्था असेल, तर तो एक माणूस आजारी पडला की सुपारी गेली. दोन हंगाम अशी स्थिती असेल आणि शेजाऱ्यांकडे चार-पाच पक्के ताशेवाले असतील, तर विलीनीकरणाचा विचार करायला सबळ कारण आहे.

तिसरी पायरी: मोजणी

व्हॉट्सअॅप ग्रुपची संख्या मोजू नका. गेल्या हंगामात बहुतेक सरावांना आलेले आणि विसर्जनाला मिरवणुकीच्या शेवटच्या अलका चौकापर्यंत ढोल कमरेला ठेवून उभे असलेले, तेवढेच मोजा. त्यात ढोल, ताशा, झांज, टोल (ठोका धरणारी धातूची थाळी), ध्वज असे रकाने करा. किती जण कुठलं वाद्य वाजवतात याबरोबरच कोण दोन वाद्यं वाजवू शकतं तेही लिहा.

मग वाद्यांची यादी. ढोल किती, पिंपं (ढोलाचे पोकळ सांगाडे) लोखंडी की फायबरची, पानं (ढोलाच्या तोंडावर ताणलेले पडदे) चामड्याची की फायबरची, किती पानं लगेच बदलावी लागतील. पान आणि पिंप वेगळं असलं की आवाजाची जात बदलते. चामडी पानांचे ढोल आणि फायबर पानांचे ढोल एका रांगेत मिसळून ठेवले, तर श्रावणातल्या दमट हवेत अर्धी रांग उतरते आणि अर्धी तशीच टणक राहते. हे आधी कळलं तर पुढचा खर्च आधी दिसतो.

आणि प्रत्येक वाद्यासमोर मालकी लिहा. काही ढोल पथकाच्या पैशातले असतात, काही एखाद्या मंडळाने दिलेले, काही देणगीदाराने, काही वादकाने स्वतः घेतलेले. ही नोंद नसणं हे पुढच्या फाटाफुटीचं मोठं बीज असतं. ढोलाच्या आतल्या बाजूला रंगाने खूण करून ठेवा. विलीन व्हा किंवा नका होऊ, ही खूण उपयोगी पडतेच.

चौथी पायरी: ठेके जुळतात का ते ऐका

खरा निर्णय इथे होतो. बैठकीतलं कोणतंही मत या पायरीपेक्षा मोठं मानू नका.

दोन पथकांत ‘पहिला हात’, ‘दुसरा हात’ (हात म्हणजे ठरलेला ठेका) किंवा भजनी ठेका असं एकच नाव असतं, पण वाजवायची पद्धत वेगळी असते. पुण्यातल्या पथकांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी जातात. मुळशी-मावळातल्या गावांची ढोल-लेझीम पथकं आहेत, शाळांमधून उभी राहिलेली पथकं आहेत, आणि त्यांतून फुटून किंवा प्रेरणा घेऊन निघालेली नंतरची पथकं आहेत. ज्याने जिथे शिकलं तिथला हात त्याच्या मनगटात असतो. कोणी थापीवर (हाताच्या ठोक्यावर) जास्त विसंबतं, कोणी टिपरूवर (काठीच्या ठोक्यावर). कोणाची लय आवर्तनागणिक चढत जाते, कोणी शेवटच्या टप्प्यापर्यंत ती दाबून धरतं. दोन्ही बरोबर आहेत. पण एका रांगेत दोन्ही एकदम चालत नाहीत.

ऐकायची पद्धत अशी. पहिल्या दिवशी ढोल बाहेर काढूच नका. दोन्हीकडचे फक्त ताशे आणि टोल समोरासमोर बसवा आणि एकेक हात आलटून-पालटून वाजवा. कोण इशारा कसा देतं, ठेका तोडताना काडी कुठे थांबते, हे नीट पाहा. दोन्हीकडच्या ताशेवाल्यांना एकमेकांचा इशारा न सांगता ओळखता आला, तर पुढे जा. नसेल तर तीन-चार वेळा बसा. तरीही ओळखता आला नाही, तर तिथेच थांबा आणि सरळ शेजार-कराराकडे वळा, तो सातव्या पायरीत आहे.

नंतर दोन्हीकडून दहा-दहा ढोल घ्या आणि रांगेत एकाआड एक उभे करा. आपलं पथक डावीकडे, त्यांचं उजवीकडे असं उभं केलं तर चुका दोन गटांत लपतात. मिसळून उभं केलं की कोणाचा हात कुठे घसरतो ते लगेच ऐकू येतं. स्थिरवादन जमलं की चालत वाजवा. उभ्याने छान जुळलेला ठेका चालताना सुटतो, कारण दोन पथकांची पावलंही वेगळी शिकलेली असतात.

याच टप्प्यावर संख्येचा मोह बाजूला ठेवायला हवा. लक्ष्मी रस्त्यावर एका ओळीत पाच ढोल धरले आणि ओळींमध्ये दीड मीटर अंतर ठेवलं, तर १०० ढोलांचं पथक ३० मीटर लांब होतं आणि २०० ढोलांचं ६० मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे पुढच्या ताशाचा ठोका ६० मीटर मागे पोचायला ०.१८ सेकंद लागतात, आणि मागच्या ओळीने त्यावर दिलेला ठोका पुढे परत येईपर्यंत त्याच्या दुप्पट. चढत्या लयीत एवढा वेळ म्हणजे ठेका फाटणं. म्हणून पथक मोठं झालं की मध्ये ताशे पेरावे लागतात, टोल मध्यभागी आणावा लागतो आणि नजरेने इशारा पुढून मागे पोचवणारी माणसं लागतात. ताशेवाले आधीच कमी असलेल्या दोन पथकांना हे झेपत नाही.

शिवाय ढोल दुप्पट केल्याने आवाज दुप्पट वाटत नाही. एकसारख्या वाद्यांची संख्या दुप्पट झाली की पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे जवळपास दहापट वाद्यं. ऐकणाऱ्याला भिडते ती एकजीवता. चाळीस ढोल एका ठोक्यावर पडले की अंगावर काटा येतो. दीडशे ढोल मागेपुढे पडले तर नुसता गलका होतो.

पाचवी पायरी: नियमांचा विचार

संख्येचा प्रश्न पुण्यात न्यायालयापर्यंत गेलेला आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी एका पथकात ढोल, ताशा आणि झांज मिळून ३० पेक्षा जास्त वादक नसावेत, असा निर्देश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी, गणेशोत्सव चालू असतानाच, त्याला स्थगिती दिली आणि पुण्याशी ढोल-ताशाचं असलेलं नातंही बोलून दाखवलं. त्या वर्षी ज्यांनी ते दोन आठवडे काळजीत काढले, त्यांना वेगळं सांगायला नको.

एकत्र येण्याचा विचार करणाऱ्यांनी या प्रकरणातून एक हिशेब घ्यावा. मर्यादा ‘एका पथकामागे’ अशी असेल, तर वेगळी राहिलेली दोन पथकं मिळून ६० वादक उतरवू शकतात. विलीन झालेल्या पथकाला ३० वरच थांबावं लागतं. मंडळाच्या मिरवणुकीत पथकांची संख्या ठरवून दिलेली असेल, तर हिशेब उलटा होतो आणि एकत्र असण्याचा फायदा होतो. त्यामुळे कुठल्या मिरवणुकीत वाजवता, तिथले त्या वर्षीचे पोलीस नियम काय आहेत, हे पाहूनच ठरवा.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे सरावालाही लागू आहेत हे अनेक पथकं विसरतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. सणासाठी मध्यरात्री १२ पर्यंत मिळणारी सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवसांची असते आणि ती सरकार जाहीर करतं. दोन पथकं एकाच पुलाखाली एकाच वेळी सराव करत असतील, तर तक्रार दोघांविरुद्ध येते आणि सरावाची जागा दोघांचीही जाते.

सहावी पायरी: विलीन व्हायचं ठरलं तर कागद

दोन्ही पथकं नोंदणी नसलेली असतील तर काम सोपं आहे. दोघांनी मिळून नवी संस्था नोंदवा (किमान सात सदस्य लागतात), पॅन काढा, बँक खातं उघडा आणि वाद्यं यादीसह तिच्याकडे सोपवा. एक नोंदणीकृत आणि दुसरं नसलेलं असेल, तर दुसऱ्यातल्या माणसांनी पहिल्याचं रीतसर सदस्य व्हावं आणि कार्यकारिणीत त्यांना जागा मिळावी. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो.

दोन्ही नोंदणीकृत असतील तर घाई करू नका. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १२ प्रमाणे विलीनीकरणाचा लेखी प्रस्ताव प्रत्येक सदस्याला विशेष सभेच्या १० दिवस आधी पोचवावा लागतो. त्या सभेत तीन-पंचमांश मतं लागतात. महिन्याभराच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तिथेही तीन-पंचमांश मतांनी तो कायम करावा लागतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५०अ खाली एकत्रित योजना करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांचा आहे. हे काम नेहमी करणारा वकील गाठा. आणि सगळ्यांना स्पष्ट सांगा की संस्था बंद झाली तरी तिची वाद्यं किंवा पैसे सदस्यांमध्ये वाटता येत नाहीत. हे न सांगितल्यामुळे “माझ्या वर्गणीचा ढोल परत द्या” असे प्रसंग ओढवतात.

महिन्याभराच्या अंतराने होणाऱ्या या दोन सभा मला अडथळा वाटत नाहीत. पहिल्या सभेतला उत्साह दुसऱ्या सभेत किती उरतो, ते त्यात समजतं.

नावाचं काय करायचं? मोठ्या पथकाचं नाव ठेवून लहान पथक त्यात विरघळवलं, तर लहान पथकाची माणसं एक-दोन हंगामांत पांगतात. दोन्ही नावं जोडून लांबलचक नाव केलं तर मंडळवाले आणि प्रेक्षक त्यातलं एकच उच्चारतात. मला तिसरं, नवं नाव बरं वाटतं. अमेरिकेत ड्रम कोअर नावाची तरुणांची संचलन-वादन पथकं असतात. तिथे पेनसिल्व्हेनियातल्या फाइव्ह-ओ-सेव्हन हॉर्नेट्स आणि कीस्टोन रेजिमेंट या दोन पथकांनी १९७४ मध्ये एकत्र येऊन क्रॉसमेन हे नवं नाव घेतलं. ते पथक पुढे टेक्सासला हललं, पण त्याच नावाने अजून उभं आहे. नवं नाव घेतलं की पहिल्या दिवसापासून सगळेच नवे असतात.

फेट्याचा रंग, ध्वज, पोशाख वादकांच्या मतदानाने ठरवा. वादनप्रमुख एकच असावा आणि तो वादकांनी, विशेषतः ताशेवाल्यांनी निवडावा. इकडचे दोन ठेके, तिकडचे दोन ठेके अशी वाटणी करू नका. कोणते हात ठेवायचे ते वादनप्रमुखाला कानाने ठरवू द्या. जी मंडळं वर्षानुवर्षं दोघांपैकी एकाला बोलावतात, त्यांच्याकडे निर्णयाआधी प्रत्यक्ष जा. एखाद्या गणपतीपुढे वाजवायचा मान पथकाला कसा मिळाला, ते त्या मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवतं. तो मान नव्या नावाला आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

सातवी पायरी: शेजारीच राहायचं ठरलं तर करार

बहुतेकांनी इथेच यावं, म्हणून हा भाग पक्का करा. एक-दोन पानांचा कागद पुरतो, पण त्यावर दोन्ही अध्यक्षांच्या सह्या हव्यात.

सरावाची जागा एक असेल तर दिवस वाटा किंवा वेळ वाटा. दोन्ही पथकं एकाच वेळी वाजवणारच असतील, तर शक्य तेवढं अंतर ठेवून एकमेकांकडे पाठ करून उभी राहा, आणि नवशिक्यांना त्या वेळी वाजवायला लावू नका. शेजारचा ठेका कानावर पडत असताना नव्या हाताला लय सापडत नाही.

वादकांबद्दल नियम सरळ ठेवा: एका हंगामात एकच पथक, बदल हवा असेल तर वाद्यपूजनाच्या आधी. ताशेवाल्यांना मात्र सवलत द्या. दोन्ही प्रमुखांच्या लेखी संमतीने एक पथक दुसऱ्याला एखाद्या वादनापुरता ताशा देऊ शकेल, असं कलम घाला. ताशाची टंचाई असलेल्या पथकाचा प्रश्न विलीन न होता सुटू शकतो तो याच कलमाने. तो ताशेवाला मधूनमधून तुमच्या सरावाला आला, तर तुमच्यातलेही दोघे-तिघे त्याच्याकडून शिकतात.

टेम्पो, गोदामाचं भाडं, पानं बदलणारा कारागीर, प्रथमोपचाराची पेटी, कानात घालायचे प्लग, पाणी, हे सगळं मिळून घ्या. खर्चाची विभागणी वाद्यांच्या संख्येप्रमाणे करा. समसमान केली तर लहान पथकावर अन्याय होतो. मुलींसाठी कपडे बदलायची सुरक्षित जागा आणि रात्री घरी पोचवायची व्यवस्था दोघांची एकत्रच असावी. हा विषय कुठल्याही स्पर्धेच्या वर आहे.

सुपारीबद्दल एवढंच लिहा: दुसऱ्या पथकाला ठरलेल्या मंडळाकडे त्याला न सांगता जायचं नाही, आणि आपली तारीख भरलेली असेल तर शेजाऱ्यांचं नाव सुचवायचं. एकाच मिरवणुकीत पुढे-मागे आलात, तर कोणत्या चौकात कोण थांबणार, पुढचं पथक वाजवत असताना मागच्याने कुठे शांत राहायचं, हे आदल्या दिवशी ठरवा. बेलबाग चौकात दोन पथकं एकमेकांवर चढून वाजवायला लागली की दोघांचाही ठेका बुडतो.

वर्षातून एक वादन एकत्र करा, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत किंवा शिवजयंतीला. तिथे चौथ्या पायरीतली परीक्षा दरवर्षी आपोआप होत राहते. परदेशातल्या एकाच शहरात दोन मराठी पथकं असतील तर हा करार त्यांना जास्तच उपयोगी आहे. भारतातून ढोल मागवणं महाग, ठेवायला जागा कमी आणि सभागृहाचे नियम कडक, म्हणून तिथे वाद्यं सामाईक आणि पथकं वेगळी ही रचना चांगली चालू शकते.

आठवी पायरी: एक हंगाम आणि परतीची वाट

विलीन व्हा किंवा करार करा, पहिल्या वर्षाला चाचणीचं वर्ष म्हणा. विलीन झालात तर पहिल्या दोन हंगामांत वेगळं व्हायचं ठरल्यास कोणती वाद्यं कोणाच्या ताब्यात जातील, शिल्लक पैसे कोणत्या सामाजिक कामाला जातील आणि जुनी नावं कोण वापरू शकेल, हे सुरुवातीलाच ठरवा आणि वकिलाकडून कायद्यात बसवून घ्या. संबंध चांगले असताना हे लिहिणं काहींना अपशकुनासारखं वाटतं. तरीही लिहा, कारण संबंध बिघडल्यावर हा कागद कोणी करू देत नाही.

विसर्जनानंतर आठ-दहा दिवसांनी दोन्हीकडच्या सगळ्या वादकांना एकत्र बोलवा. प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी, नाव न घालता विचारा: पुढच्या वर्षी याच रचनेत वाजवायला येणार का? चिठ्ठ्यांमध्ये ताशेवाल्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या ठेवा आणि त्या आधी मोजा. त्यांच्यातले निम्मेसुद्धा “हो” म्हणत नसतील, तर बाकीचा आकडा काहीही आला तरी कोजागिरीनंतरच्या बैठकीत रचना बदलायचा विषय पहिला घ्या.